वाटेत फुटलेली टीम

पत्र थोडक्यात असं: वय 38, शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजी पाचवीपासून, पुढे बी.कॉम. चाकणच्या एका कारखान्यात परचेसमध्ये 14 वर्षं नोकरी. 2022 मध्ये बढती मिळाली आणि तेव्हापासून बाहेरदेशच्या सप्लायरना मेल, महिन्याचा रिपोर्ट, सगळंच इंग्रजीतून लिहावं लागतं. गेल्या महिन्यात एका मेलमध्ये त्यांनी लिहिलं, 'डॅमेज्ड ड्युरिंग ट्रान्झिट, अवर टीम इन्स्पेक्टेड द बॉक्सेस.' नवीन साहेब वयाने लहान, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. त्यांनी मीटिंगमध्ये ते वाक्य स्क्रीनवर लावून त्याभोवती लाल गोल काढला आणि विचारलं, टीमला कुठे लागलंय, ॲम्ब्युलन्स बोलवायची का? सगळे हसले, याही हसल्या, आणि घरी येऊन रडल्या. आता प्रत्येक मेल आधी आठवीतल्या इंग्लिश मिडियमच्या मुलीला दाखवतात नाहीतर एआयमध्ये टाकतात, मगच पाठवतात. साहेबांचं म्हणणं, तुम्ही मराठीत विचार करता म्हणून असं होतं, थिंक इन इंग्लिश. यांचे प्रश्न: अशी वाक्यं लिहिणंच सोडून द्यावं का, 18 हजारांचा क्लास लावावा का, आणि या वयात हे सुधारतं का? शुक्रवारी अप्रेझलचा फॉर्म द्यायचाय, त्यातलं एक वाक्यही पाठवलंय, 'प्रमोटेड इन 2022, माय रिस्पॉन्सिबिलिटीज हॅव इन्क्रीज्ड.' हे तरी बरोबर आहे का?

ताई,

आधी त्या ॲम्ब्युलन्सचं बोलू. विनोद बरा होता, जागा चुकली. चूक दाखवणं हे साहेबांचं कामच आहे पण ती खुर्ची जवळ ओढूनही दाखवता येते, त्यासाठी स्क्रीन लागत नाही. तुम्ही हसलात आणि घरी येऊन रडलात हे वाचलं आणि मला माझी तुपातली गोष्ट आठवली, ती आधी सांगून टाकते म्हणजे तुम्ही कुठल्या रांगेत उभ्या आहात ते कळेल.

वीसेक वर्षं झाली असतील, एका घरगुती हॉटेलचं माहितीपत्रक मी इंग्रजीत करून दिलं होतं. मालकांचं मराठी वाक्य साधं होतं, साजूक तुपात तळलेले आमचे अनारसे पाहुण्यांना फार आवडतात. मी ते जरा झोकात लिहायला गेले, 'फ्राइड इन प्युअर घी, अवर गेस्ट्स लव्ह द अनारसाज.' छापून आलं, टेबलाटेबलावर ठेवलं गेलं, आणि एका पाहुण्यानेच हसत हसत मालकांना विचारलं की काय हो, आम्हाला तळता का तुम्ही? मालक मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त पुढचं काम दुसऱ्याला दिलं. आणि मी तर भाषांतराचे पैसे घेत होते, तुम्ही परचेस सांभाळून हे करताय.

तर तळलेले पाहुणे आणि तुमची फुटलेली टीम, दोन्हीकडे चूक एकच आहे. आणि ती नक्की कुठे आहे हे बघण्यासारखं आहे कारण मला वाटतं तुम्ही आणि तुमचे साहेब दोघंही ती भलत्याच जागी शोधताय.

शाळेत आपण गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन असं घोकायचो, आठवतंय? त्यातलं तिसरं रूप, वर्गात ज्याला व्ही थ्री म्हणायचे, ते म्हणजे पास्ट पार्टिसिपल. त्याला दोनचार शब्द चिकटवले की झाला तुकडा: 'डॅमेज्ड ड्युरिंग ट्रान्झिट', 'फ्राइड इन प्युअर घी', 'पॅक्ड इन नाशिक'. मराठीत याचा सख्खा भाऊ आहे, लेला. खराब झालेला, तळलेला, नाशकात पॅक केलेला. म्हणजे ही गोष्ट तुम्हाला येत नाही असं नाहीच, बोलायला लागल्यापासून तुम्ही भाजलेले शेंगदाणे आणि उकडलेला बटाटा म्हणताय, त्यात कधी चुकला नाहीत.

फरक असा की मराठीतला लेला आपण कुणाचे ते अंगावर लिहून फिरतो. बटाटा उकडलेला, मिरची तळलेली, अंडं उकडलेलं, शेंगदाणे भाजलेले. त्यामुळे 'आमच्या टीमने बॉक्स तपासले, वाटेत फुटलेले' असं वाक्य उलटंपालटं केलंत तरी फुटलेले म्हणजे बॉक्सच, टीम असती तर फुटलेली झाली असती. शब्द कुठेही जाऊन बसला तरी शेवटचं अक्षर त्याला घरी आणून सोडतं. इंग्रजीत तसं नाही. टीम असो, बॉक्स असो, एक असो की शंभर, डॅमेज्ड ते डॅमेज्डच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणांना लिंग-वचनाप्रमाणे शेपट्या होत्या, पुढे त्या झिजून गेल्या. मग नातं ओळखायचं कशावरून? तर शेजारावरून. वाक्याच्या तोंडाशी असा तुकडा आला आणि पुढे स्वल्पविराम पडला की त्यानंतर जो पहिला कर्ता उभा असेल त्याच्या गळ्यात तो तुकडा पडतो, मग ती टीम असो नाहीतर पाहुणे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते व्याकरण विचारत नाही.

आता साहेबांचं 'मराठीत विचार करता म्हणून'. हे मला अर्धंच पटतं. कारण ही चूक ज्यांची मायबोली इंग्रजी आहे तेही करत आलेत, पिढ्यान्‌पिढ्या. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये बापाचं भूत सांगतं की मी बागेत झोपलो असताना मला साप चावला अशी आवई उठवलीय, आणि तिथलं मूळ इंग्रजी वाक्य काटेकोरपणे लावलं तर बागेत झोपलेला निघतो तो साप. तिथे तिसरं रूप नाही, आयएनजीवालं रूप आहे, पण दुखणं तेच. फाउलर नावाच्या गृहस्थांनी 1926 साली इंग्रजीच्या वापराचा जो कोश काढला त्यात या बेवारस तुकड्यांवर वेगळी नोंद लिहावी लागली, आणि ते काही चाकणच्या परचेसवाल्यांसाठी लिहीत नव्हते. तेव्हा मराठी माध्यमाचा याच्याशी तुम्ही समजताय तेवढा संबंध नाही. आणि खरं सांगू का, मराठीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. 'पुण्याहून आणलेल्या बायकोच्या साड्या' हे वाक्य बघा. पुण्याहून काय आणलं, बायको की साड्या? पुढे च्या, ला, ने लागलं की लेला-लेली-लेलं सगळ्यांचं लेल्या होतं, अंगावरची खूण पुसली जाते, आणि मग आपणही इंग्रजीच्याच नावेत येऊन बसतो.

म्हणून माझा सल्ला साहेबांच्या उलटा आहे. मराठीत खुशाल विचार करा, फक्त इंग्रजी वाक्य लिहून झाल्यावर आणखी एकदा करा. तुकडा उचला, त्याचा लेला करा, आणि स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या माणसाला किंवा वस्तूला लावून मोठ्याने म्हणा. 'वाटेत फुटलेली आमची टीम.' हसू आलं ना? मग वाक्य चुकलंय. 'वाटेत फुटलेले बॉक्स.' हसू नाही आलं, ठीक आहे. एवढीच परीक्षा आहे, पाच सेकंदांची, आणि ती मराठी येणाऱ्यालाच देता येते, तुमच्या साहेबांना ती इतकी सोपी जाणार नाही.

दुरुस्ती कशी करायची, तर तुमच्याच वाक्याचे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींचा अर्थ सारखा नाही, इथे जरा थांबा. पहिला, 'डॅमेज्ड ड्युरिंग ट्रान्झिट, द बॉक्सेस वेअर इन्स्पेक्टेड बाय अवर टीम.' व्याकरण बरोबर पण जरा अवघडल्यासारखं, लग्नात कोट घातलेल्या माणसासारखं. दुसरा, 'अवर टीम इन्स्पेक्टेड द बॉक्सेस डॅमेज्ड ड्युरिंग ट्रान्झिट.' छान सुटसुटीत. पण याचा अर्थ असाही लागतो की काही बॉक्स फुटले होते आणि टीमने फक्त तेवढेच तपासले, बाकीच्यांना हात लावला नाही. उद्या सप्लायरने विचारलं की उरलेला माल तुम्ही न बघता कसा घेतला, तर? तिसरा, 'द बॉक्सेस वेअर डॅमेज्ड ड्युरिंग ट्रान्झिट. अवर टीम इन्स्पेक्टेड देम ऑन मंडे.' दोन वाक्यं, एकही अलंकार नाही, आणि नुकसानभरपाईच्या मेलसाठी मी डोळे झाकून हेच निवडीन. काय झालं, कुणी बघितलं, कधी बघितलं, तिन्ही वेगवेगळं उभं आहे, उद्या इन्शुरन्सवाल्याने वाचलं तरी.

स्वल्पविरामाचंही असंच आहे, आणि तुम्ही परचेसमध्ये आहात म्हणून सांगते. 'द मशीन्स इन्स्टॉल्ड इन 2019 नीड सर्व्हिसिंग' म्हणजे जेवढी मशिन्स 2019 मध्ये बसवली तेवढ्यांनाच सर्व्हिसिंग हवंय. आणि 'द मशीन्स, इन्स्टॉल्ड इन 2019, नीड सर्व्हिसिंग' म्हणजे सगळ्याच मशिन्सना हवंय, बसवली 2019 मध्ये ही जाताजाता दिलेली माहिती. दोन स्वल्पविरामांचा फरक, पण समजा शॉपमध्ये 40 मशिन्स आहेत आणि त्यातली 12 फक्त 2019 ची आहेत, तर समोरच्याचं कोटेशन कितीचं येईल बघा. असल्या ठिकाणी लाल गोल काढला तर मी साहेबांच्या बाजूने.

आता तो दुसरा अर्धा भाग, जिथे साहेबांचं म्हणणं पटतं, जिथे मराठी खरंच पाय ओढते. तुम्ही पाठवलेल्या बाकीच्या नमुन्यांमध्ये एक वाक्य होतं जे साहेबांच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय, 'सप्लायर्स नॉट रिप्लाइड टू अवर रिमाइंडर्स विल बी रिमूव्हड.' हे मला फुटलेल्या टीमपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. मराठीतला लेला दोन्ही बाजूंनी चालतो. 'मी वाचलेलं पुस्तक' हेही बरोबर आणि 'पुस्तक वाचलेला माणूस' हेही बरोबर, म्हणजे ज्याने केलं त्यालाही लेला लागतो आणि ज्याच्यावर झालं त्यालाही. इंग्रजीत तिसऱ्या रूपाचा तुकडा असा नामाला चिकटवला की तो बहुतेक वेळा ज्याच्यावर झालं त्याचाच असतो. 'द बुक रेड बाय मी' चालेल, पण 'द मॅन रेड द बुक' म्हटलं की माणसाने पुस्तक वाचलं असं आख्खं वाक्यच तयार होतं, तिथे लेला उरतच नाही. म्हणून आपल्याकडे नोटीस बोर्डावर 'कॅन्डिडेट्स कम्प्लीटेड आयटीआय मे अप्लाय' असं दिसतं, लिहिणाऱ्याच्या मनात 'आयटीआय केलेले उमेदवार' असतं आणि ते मराठीत अगदी बरोबर असतं. तुमचे 'उत्तर न दिलेले सप्लायर' त्याच जातीचे. उशिरा आलेला ट्रकही तोच, 'द ट्रक अराइव्हड लेट वॉज सेंट बॅक' असं नाही चालत.

इथे लेला-परीक्षा कामाची नाही कारण मराठी कान दोन्हीला मान डोलावतो. इथली परीक्षा वेगळी. नाम आणि तिसरं रूप यांच्यामध्ये 'विच वॉज' किंवा 'हू वेअर' घालून बघा. 'द रिपोर्ट विच वॉज सबमिटेड बाय द व्हेंडर', बसलं, मग विच वॉज काढून टाकलं तरी चालेल, 'द रिपोर्ट सबमिटेड बाय द व्हेंडर'. 'सप्लायर्स हू वेअर नॉट रिप्लाइड', नाही बसत, कानाला खडा लागतो. मग तिथे 'हू हॅव नॉट रिप्लाइड' असंच पूर्ण लिहायचं, काटकसर करायची नाही. उमेदवारांचंही तसंच, 'हू हॅव कम्प्लीटेड'. ट्रकला 'दॅट अराइव्हड लेट'. काही मोजके शब्द या नियमाला दाद देत नाहीत, रिटायर्ड ऑफिसर, फॉलन लीव्ह्ज, एस्केप्ड प्रिझनर वगैरे, ते नामाच्या आधी बसतात आणि तसेच पाठ होऊन जातात, त्यांची चिंता नको.

आणि हो, जागा. मराठीत कितीही लांब लेला असला तरी तो नामाच्या आधीच येतो, 'खोबरेल तेलात मंद आचेवर तळलेला मासा'. इंग्रजीत एकटा शब्द आधी, आणि शेपूट असलेला नंतर. 'फ्राइड फिश', पण 'फिश फ्राइड इन कोकोनट ऑइल'. 'ब्रोकन सील', पण 'अ सील ब्रोकन ड्युरिंग अनलोडिंग'. तुमच्या रिपोर्टमध्ये 'सबमिटेड डॉक्युमेंट्स बाय व्हेंडर' दोनदा आलंय, तिथे मराठी क्रम डोकावतोय. 'डॉक्युमेंट्स सबमिटेड बाय द व्हेंडर' करा, संपलं.

आता मेलमधल्या नेहमीच्या गोष्टी, कारण लाल गोल बसल्यापासून तुम्ही सगळ्याच तिसऱ्या रूपांना घाबरायला लागलाय असं पत्रावरून वाटतं. 'ॲज डिस्कस्ड' अगदी ठीक आहे. 'प्लीज फाइंड अटॅच्ड द इन्व्हॉइस' जुन्या वळणाचं आहे, थोडं कारकुनी आहे, पण चूक नाही. मला स्वतःला 'आय हॅव अटॅच्ड द इन्व्हॉइस' जास्त आवडतं, माणूस बोलल्यासारखं वाटतं. 'गिव्हन द डिले' हेही चालतं, तिथे गिव्हन कुणाचं असं विचारत बसायचं नाही, ते आता 'लक्षात घेता' सारखं झालंय, आपण 'हे लक्षात घेता भाव वाढतील' म्हणतो तेव्हा लक्षात कोण घेतंय, भाव घेतात का, असं कुठे विचारतो. 'बेस्ड ऑन द टेस्ट रिपोर्ट, वी रिजेक्टेड द लॉट' यावर मात्र कडक सोवळं पाळणारे लोक अजून नाक मुरडतात. मी मेलमध्ये सोडून देते, ऑडिटला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये 'वी रिजेक्टेड द लॉट बिकॉज द टेस्ट रिपोर्ट शोड' असं लिहिते आणि पुढे काय दिसलं ते लिहिते. त्याने वाद मिटतो आणि शिवाय कारणही लिहिलं जातं, ज्याला बेस्ड ऑनमागे लपून बसायची सवय असते.

आता तुमचे पर्याय.

अशी वाक्यं सोडूनच द्यावीत का? अर्धी सोडा. वाक्याच्या तोंडाशी लावलेला तुकडा हा बहुतेक वेळा शोभेचा असतो, तो नसला तर मेलचं काही अडत नाही. तुम्ही तो का लावलात हेही मला ठाऊक आहे, कारण मीही त्यासाठीच लावला होता. साधं लिहिलं तर मराठी माध्यम दिसेल असं वाटतं. पण सप्लायर परदेशातला असला तर त्याची मायबोलीही इंग्रजी असेलच असं नाही, त्याला काय हवंय, किती बॉक्स, काय झालं, कधी झालं. छोट्या वाक्यांची लाज सोडा. पण नामामागचा तुकडा सोडू नका, तो सोडला तर परचेसचं काम होणारच नाही. 'गुड्स डॅमेज्ड इन ट्रान्झिट', 'पार्ट्स सप्लाइड बाय', 'ऑर्डर्स प्लेस्ड बिफोर एप्रिल', तुमचे करार, इन्शुरन्सची कलमं, टेंडर, सगळं या तुकड्यांवर उभं आहे.

मुलीला दाखवणं. तिला येत असेलही, माझी तक्रार तिच्या इंग्रजीबद्दल नाही. पण रोज रात्री आईचे ऑफिसचे मेल तपासणारी आठवीतली मुलगी हळूहळू काय समजायला लागेल, की आईला येत नाही. आणि तुम्हाला येतं. तिला दाखवायचंच तर ती तळलेल्या पाहुण्यांची गोष्ट सांगा आणि तिच्या वहीतलं एखादं वाक्य लेला-परीक्षेला बसवायला सांगा, ते तिला येईलच असं समजू नका, व्ही थ्री पाठ असणं आणि तो योग्य शेजारी बसवणं यात बरंच अंतर आहे.

एआय. वापरा, मीही वापरते. दोन गोष्टी मात्र बघा. एक, सप्लायरचे भाव, नावं, ऑर्डरचे आकडे असलेला आख्खा मेल तिथे चिकटवायची तुमच्या कंपनीत परवानगी आहे का ते आधी विचारा, परचेसमध्ये याचं गांभीर्य तुम्हाला मी काय सांगू. दुसरं, त्याला माल दिसत नाही. तुमचं वाक्य तो गोड करून देईल, पण फुटलेलेच बॉक्स तपासले की सगळे, हे त्याला ठाऊक नसतं, तो एक अर्थ धरून चालतो आणि वाक्य इतकं गुळगुळीत असतं की तुम्ही तो अर्थ मान्य करून टाकता. त्यापेक्षा त्याला दुरुस्त कर म्हणू नका, विचारा की या वाक्यात डॅमेज्ड कोण झालंय? उत्तर टीम आलं की दुरुस्ती तुम्हीच करा. महिनाभरात विचारावंही लागणार नाही.

क्लास. 18 हजार द्यायच्या आधी तिथे काय शिकवतात ते विचारा. स्पोकन असेल, आत्मविश्वास आणि उच्चार वगैरे, तर त्यासाठी लावायचा तर लावा, पण तुमचं दुखणं लेखी वाक्याचं आहे, ते तिथे बरं होणार नाही. लिहिलेलं तपासून देणारा, समोर बसून का चुकलं ते सांगणारा शिक्षक मिळाला तर गोष्ट वेगळी, मग पैसे वसूल होतील.

त्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. तुमच्या सेंट फोल्डरमधले शेवटचे दहा मेल काढा, छापून घ्या, हो कागदावरच, आणि प्रत्येक तिसऱ्या रूपाखाली पेन्सिलने रेघ मारून तिथून बाण काढा, ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत. बाण शेजारी जाऊन टेकला तर पुढे जा. बाणाला मध्ये कुणाला तरी ओलांडावं लागलं, किंवा टेकायला जागाच सापडली नाही, तर तिथे थांबा. मला वाटतं दहा मेलमध्ये तुम्हाला तीनचार अडखळे दिसतील, तीस नाही, आणि ते एक-दोनच जातींचे असतील. शिवाय घरातल्या डब्यापाकिटांवरचा मजकूर वाचत जा. 'मॅन्युफॅक्चर्ड ॲन्ड मार्केटेड बाय', 'पॅक्ड बाय', या तुकड्यांचे मालक वरच्या ओळीत असतात, चहा उकळेपर्यंत शोधून होतात.

साहेबांशी बोलावं का हे तुम्ही विचारलं नाहीये, पण पत्रात ते सगळीकडे आहे. बोला. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीचा राग घेऊन नाही, आता महिना झालाय, आता बरं बोलता येईल. 'सर, त्या दिवशीचं वाक्य चुकलं होतं, का चुकलं ते मला कळलंय. यापुढे काही दिसलं तर मला मेलवर किंवा बाजूला बोलावून सांगाल का, मला त्याचा जास्त उपयोग होईल.' एवढंच. मराठीतच बोला, तेही मराठीच असतील तर. माफी मागू नका आणि टोमणा मारू नका. ते वयाने लहान आहेत, टाळ्या घ्यायचं वय असतं, कुणीतरी सरळ सांगितलं की बरेच लोक सुधारतात. नाही सुधारले तर तो इंग्रजीचा प्रश्न नाही, त्याचं मला वेगळं पत्र लिहा.

वयाचं विचारलंत त्याला उत्तर म्हणून एवढंच सांगते की अनारशांच्या वेळी मी तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी होते.

आता अप्रेझल. 'प्रमोटेड इन 2022, माय रिस्पॉन्सिबिलिटीज हॅव इन्क्रीज्ड.' लेला लावा. 2022 मध्ये बढती मिळालेल्या माझ्या जबाबदाऱ्या. बघा, इथे लेल्या झाल्यामुळे मराठीतही क्षणभर फसायला होतं, म्हणून सुटं करून विचारा, बढती कुणाला मिळाली? जबाबदाऱ्यांना नाही मिळाली, तुम्हाला मिळाली. मग स्वल्पविरामानंतर तुम्ही स्वतः उभं राहायला हवं आणि तुमच्या वाक्यात तुम्ही कुठेच नाही आहात, फक्त एक 'माय' आहे कोपऱ्यात. 'प्रमोटेड इन 2022, आय नाऊ हॅन्डल', आणि पुढे काय काय सांभाळता ते लिहा, किती सप्लायर, किती देशांतले, महिन्याला किती ऑर्डरी. 'रिस्पॉन्सिबिलिटीज हॅव इन्क्रीज्ड' असं मोघम नको, आकडे तुमच्याकडे आहेत ते घाला. किंवा तुकडा नकोच असेल तर 'आय वॉज प्रमोटेड इन 2022. सिन्स देन आय हॅव हॅन्डल्ड', हेही तितकंच चांगलं. गुरुवारी रात्री एकदा मोठ्याने वाचा, मुलीला न दाखवता, आणि शुक्रवारी देऊन टाका.